ड्रॅग शर्यतीच्या मोटारी : अश्वशक्ती, टॉर्क व दंतचक्र प्रमाण

दोन मोटारींनी शेजारी शेजारी उभे राहून, स्थिर स्थितीतून सुरुवात करून, सरळ व सपाट पट्टीवरील ठराविक अंतर कमीत कमी वेळात कापण्याच्या स्पर्धेस ड्रॅग शर्यत म्हणतात. हे अंतर परंपरेने पाव मैल (१,३२० फूट, सु. ४०२ मी.) असते. वळणे, चढउतार वा दीर्घ पल्ला यांपैकी काहीच नसल्याने वरवर पाहता हा सर्वांत साधा मोटारक्रीडा प्रकार वाटतो. प्रत्यक्षात एंजिनाची शक्ती जमिनीपर्यंत कशी पोहोचते, या प्रश्नाची इतकी कसून परीक्षा दुसऱ्या कोणत्याही शर्यतीत होत नाही. प्रत्येक फेरीत दोन मापे नोंदविली जातात : अंतर कापण्यास लागलेला वेळ आणि अंतिम रेषेपाशी गाठलेला वेग. वेळ मुख्यत्वे सुरुवातीच्या काही मीटरांत कमावला किंवा गमावला जातो, तर अंतिम वेग प्रामुख्याने एंजिनाच्या शक्तीवर व मोटारीच्या वजनावर अवलंबून असतो. एकच मोटार चांगला वेग दाखवून वेळ मात्र वाईट नोंदवू शकते. टॉर्क श्रेष्ठ की अश्वशक्ती श्रेष्ठ, हा या क्षेत्रातील जुना वाद या दोन मापांतील फरकातूनच जन्मला आहे.

टॉर्क (पीडन परिबल) म्हणजे दंडाला पीळ देऊन फिरविण्याचा जोर होय. एक फूट लांबीच्या पान्याच्या टोकास एक पौंड प्रेरणा लावली, तर एक फूट-पौंड टॉर्क मिळतो. नट गंजून घट्ट बसला असेल, तर कितीही जोर लावला तरी तो हलत नाही. अशा वेळी टॉर्क असतो पण कार्य शून्य असते. कार्य किती वेळात झाले हे शक्ती सांगते. जेम्स वॉट यांनी आपल्या वाफेच्या एंजिनांची घोड्यांशी तुलना करता यावी म्हणून अठराव्या शतकाच्या अखेरीस मिनिटाला ३३,००० फूट-पौंड कार्य हे एक अश्वशक्तीचे मूल्य ठरविले. या संख्येस वर्तुळाच्या २π ने भागले असता सु. ५,२५२ ही संख्या येते. म्हणून फूट-पौंडांतील टॉर्क व मिनिटाला होणारे फेरे यांच्या गुणाकारास ५,२५२ ने भागल्यास अश्वशक्ती मिळते. टॉर्क व अश्वशक्ती या दोन स्वतंत्र राशी नसून फेऱ्यांच्या संख्येने त्या एकमेकींशी बांधलेल्या आहेत. मिनिटाला ५,२५२ फेऱ्यांपाशी कोणत्याही एंजिनाचे हे दोन्ही आकडे समान येतात, याचे कारणही हेच.

दंतचक्रांचे कार्य येथून समजू लागते. समजा, एक एंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांस १०० फूट-पौंड टॉर्क देते. दुसरे ८,००० फेऱ्यांस केवळ ५० फूट-पौंड देते. पहिल्याची शक्ती ३८ अश्वशक्ती, तर दुसऱ्याची ७६ भरते. आता दुसऱ्या एंजिनास ४ : १ प्रमाणाची दंतचक्रे जोडली, तर बाहेर पडणारा दंडही २,००० फेरेच करील, मात्र घर्षणातील किरकोळ घट वगळता त्यावरील टॉर्क २०० फूट-पौंड असेल. पहिल्याच्या दुप्पट! दंतचक्रे टॉर्क वाढवू शकतात, त्याची किंमत फेऱ्यांत मोजावी लागते; शक्ती मात्र कोणत्याही दंतचक्राने वाढत नाही. तेव्हा एखाद्या विशिष्ट वेगाने जाणाऱ्या मोटारीस पुढे ढकलणारी प्रेरणा ही त्या क्षणी चाकांपर्यंत पोहोचलेल्या शक्तीला वेगाने भागून मिळते, मग एंजिनाचा आकार काहीही असो.

मग टॉर्कचा कैवार घेणारे चूक ठरतात काय? तसेही नाही. एकच दंतचक्र कायम ठेवून मोटार पळविली, तर पाठीला सर्वांत मोठा धक्का एंजिन कमाल टॉर्क देते त्याच क्षणी बसतो. कमाल अश्वशक्तीपाशी पोहोचेपर्यंत तो ओसरलेला असतो. चालकाच्या अंगाला जे जाणवते ते टॉर्कचे चढउतार होत. परंतु त्याच वेगाला खालचे दंतचक्र वापरून एंजिन अधिक फेऱ्यांवर ठेवले असते, तर प्रेरणा आणखी वाढली असती. एक पक्ष दंतचक्र कायम धरून वेग बदलतो, तर दुसरा वेग कायम धरून दंतचक्र बदलतो. दोघांचीही उत्तरे बरोबर आहेत. प्रश्न मात्र निरनिराळे आहेत.

इतिहास : या क्रीडा प्रकाराचे मूळ अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्नियात आहे. १९३० नंतरच्या दशकात तेथील तरुण जुन्या मोटारींचे अनावश्यक भाग काढून, १९३२ मध्ये बाजारात आलेल्या फोर्ड कंपनीच्या व्ही-८ एंजिनात फेरफार करून मोहावी वाळवंटातील म्यूरॉक, एल मिराज इ. कोरड्या सरोवरांच्या तळांवर वेगाच्या चाचण्या घेत. १९३७ मध्ये स्थापन झालेली सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही संस्था या चाचण्यांचे नियमन करी. येथे मोटारीस धाव घेण्यास मोकळे अंतर मिळे आणि फक्त अंतिम वेग मोजला जाई. त्यामुळे हवेच्या रोधाला पुरून उरेल इतकी कमाल शक्ती व एंजिन त्या शक्तीच्या फेऱ्यांवर राहील असे एकच वरचे दंतचक्र पुरेसे होई. आरंभ मंद झाला तरी बिघडत नसे.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींची संख्या वाढली, रस्त्यांवरील बेकायदेशीर शर्यतींनी अपघात होऊ लागले आणि वापरात नसलेल्या धावपट्ट्यांचा उपयोग सुचला. १९४९ मध्ये सँता बार्बराजवळील गोलेटा येथे व १९५० पासून सँता ॲना येथील विमानतळावर नियमित शर्यती भरू लागल्या. 'हॉट रॉड' मासिकाचे संपादक वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था स्थापिली; तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये कॅन्सस राज्यातील ग्रेट बेंड येथे झाली. सरोवराच्या तळावर उत्तम ठरलेल्या मोटारी पाव मैलाच्या पट्टीवर निष्प्रभ ठरू लागल्या, कारण आता आरंभ निर्णायक झाला होता. शक्ती अखंड स्थिर राहते असे मानून गणित केल्यास पहिले एक-चतुर्थांश अंतर कापण्यातच एकूण वेळेच्या सु. ४० टक्के वेळ जातो.

दंतचक्र प्रमाणाचे महत्त्व प्रथम उमगले ते या काळात. टेड हॅलीब्रँड यांनी बनविलेल्या मागील आसाच्या पेटीत दोन सुटी दंतचक्रे आच्छादनाबाहेरून काही मिनिटांत बदलता येत. शर्यतीच्या जागी उभ्या उभ्या प्रमाण बदलून पाहण्याची सोय झाल्याने अनुभवातून एक नियम रूढ झाला : मोटारीने अंतिम रेषा ओलांडताना एंजिन कमाल अश्वशक्तीच्या फेऱ्यांच्या किंचित पुढे असावे. याचे उदाहरण असे. २८ इंच व्यासाचा टायर ताशी १०० मैल वेगाला मिनिटाला सु. १,२०० फेरे करतो. ४,८०० फेऱ्यांस शर्यत संपविणाऱ्या एंजिनास सरळ जोडणीच्या वरच्या दंतचक्रात मागील आसाचे प्रमाण ४ : १ हवे, तर ६,००० फेऱ्यांच्या एंजिनास ५ : १ हवे. दंतचक्र बदलण्याचा क्षणही याच तत्त्वाने ठरतो. कमाल टॉर्कपाशी बदल करणे ही नवशिक्याची चूक होय. एंजिन कमाल शक्तीच्या पलीकडे ताणून, पुढील दंतचक्रात चाकांवर येणारी प्रेरणा सध्याच्या प्रेरणेइतकी होईल तेथे बदल केला असता सर्वांत कमी वेळ वाया जातो. ज्या एंजिनाचा टॉर्क फेऱ्यांच्या विस्तृत पट्ट्यात टिकतो त्यास दोन-तीन दंतचक्रे पुरतात. ज्याची शक्ती अरुंद पट्ट्यात एकवटलेली असते त्यास चार-पाच लागतात. जाहिरातीतील कमाल टॉर्कच्या आकड्यापेक्षा हा पट्टा किती रुंद आहे ही माहिती अधिक मोलाची, पण ती क्वचितच छापली जाई.

१९६० नंतर डेट्रॉइट येथील कारखानदार या स्पर्धांत उघडपणे उतरले आणि वादास जाहिरातींचे इंधन मिळाले. दोन मोटारींचे आकडे या संदर्भात पाहण्याजोगे आहेत. १९६७ च्या शेव्हरोले कमॅरो झेड/२८ चे ३०२ घन इंचांचे एंजिन ५,८०० फेऱ्यांस २९० अश्वशक्ती व ४,२०० फेऱ्यांस २९० फूट-पौंड टॉर्क देई असे जाहीर होते. १९७० च्या ब्यूइक जीएस स्टेज १ च्या ४५५ घन इंचांच्या एंजिनाचे जाहीर आकडे ४,६०० फेऱ्यांस ३६० अश्वशक्ती व अवघ्या २,८०० फेऱ्यांस ५१० फूट-पौंड असे होते. टॉर्कमध्ये ब्यूइकची आघाडी ७६ टक्के, तर अश्वशक्तीत केवळ २४ टक्के. प्रत्येकीस तिच्या प्रकृतीनुसार दंतचक्रे दिली, तर शर्यतीच्या उत्तरार्धात चाकांवरील प्रेरणेतील फरक दुसऱ्या आकड्याच्या जवळपास येतो. पहिला आकडा शहरातील चौकात दिवा हिरवा झाल्यावर जाणवतो. शिवाय हे आकडे जसेच्या तसे स्वीकारता येत नाहीत. त्या काळी पंखा, निष्कास नळ्या इ. उपांगांविना बाकावर चाचणी घेऊन स्थूल शक्ती जाहीर करीत. निव्वळ शक्ती देण्याची पद्धत अमेरिकेत १९७२ च्या मोटारींपासून रुळली. उलटपक्षी, काही कारखान्यांनी आकडे मुद्दाम कमी सांगितले. याला विम्याच्या हप्त्यांइतकेच शर्यतीचे नियमही कारण होते. प्रमाणित मोटारींचे वर्ग वजन व जाहीर अश्वशक्ती यांच्या गुणोत्तरावरून ठरत. आकडा जितका लहान, तितका वर्ग सोपा. १९६८ मध्ये फोर्डची ४२८ कोब्रा जेट एंजिनाची मस्टँग ३३५ अश्वशक्तीच्या नावाखाली पोमोना येथे उतरली आणि जिंकली, तेव्हा संघटनेने कागदावरील आकडा बाजूला सारून स्वतःचा वाढीव आकडा लागू केला. अश्वशक्ती ही भौतिकीतील राशी असली, तरी जाहीर अश्वशक्ती हा व्यवहार होता.

खरी शक्ती ओळखण्याचे साधन पट्टीवरच उपलब्ध होते. मोटारविषयक लेखक रॉजर हंटिंग्टन यांनी अनेक मोटारींच्या नोंदी तपासून एक सूत्र मांडले : अश्वशक्तीस पौंडांतील वजनाने भागून येणाऱ्या संख्येच्या घनमुळास २२५ ने गुणले असता पाव मैलाच्या अखेरचा वेग ताशी मैलांत मिळतो. ३,६०० पौंड वजनाच्या ३०० अश्वशक्तीच्या मोटारीस यावरून सु. ९८ मैल वेग येतो. सूत्रात टॉर्कचा उल्लेखही नाही, ही गोष्ट अनेकांना खटकली. १९७३ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स' मध्ये जी. टी. फॉक्स यांनी दाखविले की, शक्ती स्थिर आहे एवढे एकच गृहीत धरले तरी घनमुळाचा हा नियम सिद्ध होतो. कोणतीही गळती नसती, तर २२५ च्या जागी सु. २८१ हा गुणक आला असता. या दोहोंच्या गुणोत्तराचा घन सु. ०.५१ येतो. याचा अर्थ जाहीर शक्तीपैकी निम्मीच मोटारीस वेग देण्याच्या कामी आली असे दिसते. उरलेली फुगविलेल्या आकड्यांत, टायर घसरण्यात, दंतचक्र बदलताना, फिरत्या भागांना गती देण्यात व हवेच्या रोधात गेली. उत्तम जुळवणीच्या मोटारी या सूत्राहून सरस ठरतात, त्याही याच निम्म्या भागातून काही परत मिळवून.

गळतीचे सर्वांत मोठे द्वार टायर व जमीन यांच्यामधील होय. वरील ब्यूइकचा टॉर्क पहिल्या दंतचक्राच्या २.४८ या प्रमाणाने व मागील आसाच्या, समजा, ३.६ या प्रमाणाने वाढविला, तर १४ इंच त्रिज्येच्या चाकावर सु. ३,९०० पौंड प्रेरणा येते. ती संपूर्ण मोटारीच्या वजनाइतकी भरते. मागील चाकांवर वजनाचा जेमतेम निम्म्याहून थोडा अधिक भार असताना तत्कालीन रस्त्याच्या टायरांना ती पेलणे अशक्य होते. चाके जागीच फिरत आणि टॉर्कची सगळी आघाडी धुरात जाई. म्हणून १९५० नंतरच्या दशकापासून नक्षीविरहित, रुंद व मऊ रबराचे खास टायर तयार होऊ लागले. टायरांची पकड वाढली, तसे मोठ्या टॉर्कचे महत्त्वही वाढत गेले, ही बाब वादात सहसा लक्षात घेतली जात नाही.

स्वयंचलित दंतचक्र पेटीने या प्रश्नाला निराळी कलाटणी दिली. टॉर्क परिवर्तकातील तेल आरंभी टॉर्क सु. दुप्पट करते व धक्का सौम्य करून टायर घसरू देत नाही. शेव्हरोलेची १९५० मधील पॉवरग्लाइड ही केवळ दोन दंतचक्रांची साधी पेटी रस्त्यावरून केव्हाच बाद झाली. ड्रॅग पट्टीवर मात्र तिच्या धर्तीच्या पेट्या आजही प्रचंड शक्तीच्या मोटारींत वापरल्या जातात. तिचे पहिले प्रमाण १.७६ किंवा १.८२ इतके कमी असल्याने टायरांवर एकदम भार येत नाही, हा रस्त्यावरील दोष येथे गुण ठरला.

याच्या नेमके विरुद्ध टोक १९७० मध्ये सुरू झालेल्या प्रो स्टॉक वर्गात दिसते. सुरुवातीस तेथे क्रायस्लरच्या ४२६ घन इंचांच्या अर्धगोल ज्वलनकक्षाच्या एंजिनांचे वर्चस्व होते. १९७२ मध्ये लहान एंजिनांना घन इंचामागे कमी वजनाची सवलत मिळताच बिल जेंकिन्स यांनी शेव्हरोले व्हेगा या छोट्या गाडीत सु. ३३१ घन इंचांचे एंजिन बसवून पोमोना येथील हंगामाची पहिली स्पर्धा जिंकली. टॉर्कमध्ये हे एंजिन प्रतिस्पर्ध्यांच्या पासंगालाही पुरत नव्हते. परंतु अधिक फेरे, चार जवळजवळची दंतचक्रे आणि हलके वजन यांनी ती उणीव भरून काढली. दंतचक्रे टॉर्कची जागा घेऊ शकतात याचा इतका स्वच्छ दाखला अन्यत्र मिळणे कठीण आहे. पुढे ग्रहीय दंतचक्रांच्या लेन्को पेटीमुळे क्लच न दाबता क्षणार्धात बदल करणे शक्य झाले आणि अधिक दंतचक्रे वापरण्याचा तोटा जवळजवळ नाहीसा झाला. १९८२ पासून या वर्गात ५०० घन इंचांची मर्यादा आहे. २०१६ पासून एंजिनाचे फेरेही मिनिटाला १०,५०० पर्यंत सीमित केले गेले.

नायट्रोमिथेन इंधनावर चालणाऱ्या ड्रॅगस्टर मोटारींचा मार्ग वेगळाच झाला. १९५० नंतरच्या दशकातच त्यांच्या चालकांनी गिअरपेटी काढून टाकली. एंजिनाचा टॉर्क इतका होता की, तो वाढविण्याची गरजच नव्हती. गरज होती ती एंजिन उच्च फेऱ्यांवर ठेवून चाकांना हळूहळू वेग घेऊ देण्याची. हे काम टायरांचे घसरणेच करी. पट्टीच्या टोकापर्यंत धुराचे लोट सोडीत जाणारी त्या काळातील मोटार म्हणजे वस्तुतः टायरांचा क्लच म्हणून केलेला वापर होता. १९६४ मध्ये डॉन गार्लिट्स यांनी न्यू जर्सी राज्यात ताशी २०० मैलांची अधिकृत मर्यादा अशाच मोटारीने ओलांडली. त्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्रोत्सारी प्रेरणेने क्रमाक्रमाने घट्ट होणारा घसरता क्लच आला व घसरण टायरांकडून क्लचकडे गेली. धूर ओसरला, वेळ घटला. येथे एक भेद ध्यानी ठेवला पाहिजे. घसरणारा क्लच टॉर्क वाढवीत नाही. दोन्ही बाजूंच्या फेऱ्यांतील तफावतीएवढी शक्ती तो उष्णतेत घालवितो. दंतचक्रे ही उधळपट्टी टाळतात. म्हणून १९७० च्या सुमारास ड्रॅगस्टरमध्ये दोन दंतचक्रांची पेटी पुन्हा आणण्याचे प्रयत्न झाले.

त्यांतील एका प्रयत्नाची किंमत भयंकर होती. तत्कालीन ड्रॅगस्टरमध्ये एंजिन पुढे असे आणि चालक मागील आसाच्याही मागे, पाय पुढे पसरून बसे. क्लच व दंतचक्र पेटी त्याच्या पायांलगत येत. ८ मार्च १९७० रोजी लॉस अँजेल्स भागातील लायन्स पट्टीवर आरंभरेषा सोडताच गार्लिट्स यांच्या मोटारीतील नव्या द्विगती पेटीचा स्फोट झाला. मोटारीचे दोन तुकडे झाले व त्यांच्या उजव्या पावलाचा काही भाग तुटला. क्लच व फिरती चक्रे फुटून चालक जायबंदी होण्याच्या घटना त्यापूर्वीही घडल्या होत्या. हजारो अश्वशक्ती जेथून जाते तेथील पोलादाचा प्रत्येक दाता जिवावर बेतू शकतो, ही जाणीव मोटारींच्या आराखड्यातच शिरली. गार्लिट्स यांनी एंजिन चालकाच्या मागे असलेली मोटार बांधली आणि १९७१ मध्ये पोमोना येथे ती जिंकली. काही वर्षांतच पुढील एंजिनाचे ड्रॅगस्टर वरच्या वर्गातून लोप पावले.

पुढे अनेक चकत्यांचा, वेळेनुसार टप्प्याटप्प्याने आवळला जाणारा क्लच विकसित झाल्यावर गिअरपेटी पुन्हा गळाली. आजच्या टॉप फ्युएल मोटारीत सु. ११,००० अश्वशक्ती असूनही पुढे जाण्यास एकही बदलते दंतचक्र नसते. मागील आसाचे प्रमाणही नियमाने ३.२० इतके ठरविलेले आहे. मिनिटाला ८,००० फेऱ्यांस ही शक्ती सु. ७,२०० फूट-पौंड टॉर्कइतकी होते. १.५ फूट त्रिज्येच्या चाकावर तिची सु. १५,४०० पौंड प्रेरणा होते, म्हणजे सु. २,३०० पौंडांच्या मोटारीच्या वजनाच्या सहापटींहून अधिक. ती सर्व आरंभी जमिनीला देणे टायरांच्या आवाक्याबाहेरचे असल्याने निष्णात यंत्रज्ञ फेरीपूर्वी पट्टीचे तापमान पाहून ठरवितो ते, यांपैकी किती भाग कोणत्या क्षणी क्लचमधून जाऊ द्यावयाचा हे. जून २००८ मध्ये न्यू जर्सीतील एंगलिशटाउन येथे स्कॉट कॅलिटा यांचा अपघाती मृत्यू झाल्यानंतर या वर्गाचे अंतर १,००० फूट (सु. ३०५ मी.) करण्यात आले. तेवढ्यातही या मोटारी चार सेकंदांहून कमी वेळात ताशी ३३० मैलांहून (सु. ५३० किमी.) अधिक वेग गाठतात.

विजेवर चालणाऱ्या मोटारींनी या विषयात अलीकडे नवी भर घातली आहे. विद्युत् चलित्र शून्य फेऱ्यांपासून पूर्ण टॉर्क देते, म्हणून क्लच व बदलती दंतचक्रे दोन्ही अनावश्यक ठरतात आणि पहिल्या काही मीटरांत अशी मोटार त्याच शक्तीच्या पेट्रोल मोटारीला मागे टाकते. ठराविक फेऱ्यांनंतर मात्र तिची शक्ती वाढत नाही, टॉर्क घटू लागतो आणि विद्युत् घटमालेचे वजन जाणवते. त्यामुळे वेळेच्या मानाने अंतिम वेग कमी, अशी नोंद या मोटारींच्या बाबतीत वारंवार आढळते.